किटलीवरच्या चिठ्ठ्या

३ ऑगस्ट, सोमवार

आज मोठ्या बाईंकडे तक्रार घेऊन गेले, तर त्या म्हणाल्या, "तोंडी नको. तारीखवार लिहून ठेवा, मग बघू." अठ्ठावीस वर्षं एकाच शाळेत चित्रकला शिकवल्यावर हे ऐकायचं. बरं, लिहिते. ह्यांच्या चष्म्याच्या दुकानातली एक कोरी वही उचलून आणली आहे. पानापानावर दुकानाचा शिक्का आहे, पण तक्रारीला चालेल.

तक्रार अशी. परकी भाषा शिकवायला यंदा एक नवे सर आलेत. त्यांची खोली संगणकांना दिली आणि त्यांना आणून बसवलं माझ्या खोलीत, तेही माझ्याच तासाला. मधे दोन कपाटं आणि एक पडदा. खिडकीची बाजू माझी, फळ्याची त्यांची. अकरावीची तेवीस मुलं आहेत. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि दर सोमवारी अदलाबदल. ८ ऑक्टोबरपर्यंत मुलांनी फॉर्म भरून दोन्हीतला एकच विषय ठेवायचा. ज्या विषयाला बारा मुलं मिळतील तो चालणार, दुसरा बंद. तेवीस मुलांत बारा दोनदा बसत नाहीत हे मोठ्या बाईंना कळत असणारच, त्या गणिताच्या.

बंद झाला तर मला काय मिळणार हेही विचारून आले. निवृत्तीला चार वर्षं आहेत. तोवर गैरहजर शिक्षकांचे वर्ग सांभाळायचे. म्हणजे "गप्प बसा" एवढं एकच वाक्य चार वर्षं.

४ ऑगस्ट, मंगळवार

सर अठ्ठावीस-एकोणतीसचे असतील. पडद्यापलीकडून एक वाक्य म्हणतात, मुलं तेच वाक्य ओरडतात, मग पुन्हा तेच. चाळीस मिनिटं हेच. मी मनातल्या मनात त्यांचं नाव पोपट ठेवलंय. घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, पोपट तर मुलं झाली. तो पोपटवाला." ह्यांना शब्दांत पकडायची हौस फार.

माझ्या बाजूला मुलं कान तिकडे आणि हात इकडे ठेवून बसतात. त्यात एक मुलगी आहे, तिला मी गोगलगाय म्हणते. तोंडावरही म्हणते, ती हसते. एक पेला काढायला तिला तीन तास लागतात, पण तो पेला उचलून पाणी प्यावंसं वाटतं. दहा वर्षांत असा हात पाहिला नाही. आज तीसुद्धा पेन्सिल थांबवून ओठ हलवत बसली होती. "काय गं, झोपेत बरळतेस का?" म्हटलं. लाजली आणि परत कामाला लागली.

११ ऑगस्ट, मंगळवार

तक्रार दुसरी, आणि ही गंभीर आहे.

वस्तुचित्रासाठी मी टेबलावर मांडणी केली आहे. जुनी पत्र्याची किटली, काचेचा पेला, दोन कांदे, निळं फडकं. ही मांडणी सहा आठवडे हलवायची नाही. कांद्याला कोंब फुटला तरी बदलायचा नाही, कोंब काढायचा. माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून एकच नियम: माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा. किटलीला दोन कान असतात हे माहीत असेल, पण तुमच्या जागेवरून एकच दिसतो ना, मग एकच काढा.

आज वर्गात येऊन बघते तर किटलीवर चिठ्ठी. पेल्यावर चिठ्ठी. कांद्यांवर एकेक चिठ्ठी. फडक्याला तर टाचणीने टोचलेली. सरांच्या भाषेतली नावं, लाल शाईत. पडदा बाजूला करून विचारलं, "हे काय आहे?"

म्हणाले, "बाई, घरातल्या वस्तूंचा धडा होता. मला वाटलं, इथे आयत्याच मांडलेल्या आहेत."

"आयत्या नाहीत. मी मांडल्यात. अर्धा दिवस लागला."

"मी काहीच हलवलं नाही, खरंच. फक्त चिकटवलं."

मी सगळ्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. पुढच्या तासाला पुन्हा लावलेल्या होत्या.

२० ऑगस्ट, गुरुवार

मी टेबलावर प्रत्येक वस्तूभोवती खडूने रेघ मारून ठेवली आहे. सर किटली उचलतात, वर्गात फिरवतात, आणि परत अगदी रेघेत आणून ठेवतात. आज वाकून, एक डोळा मिटून, किटलीची चोच नीट खिडकीकडे करत होते. हे मान्य केलं पाहिजे. पण चिठ्ठ्या काढायला विसरतात. रोज सकाळी मी काढते, रोज दुपारी ते लावतात. सुनेने पुसायचं आणि सासूने सांडायचं, तसं चाललंय. मात्र इथे सासू कोण हे मी लिहिणार नाही.

एक भलतंच झालं. घरी पेला सापडत नव्हता तेव्हा तोंडातून त्याचं नाव त्या भाषेत निघालं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. मी म्हटलं, "ऐकून ऐकून डोकं गेलंय माझं."

१ सप्टेंबर, मंगळवार

गोगलगाय बेशिस्त होत चालली आहे. झालेली चित्रं घरी नेते आणि परत आणत नाही. सहामाहीला प्रत्येकाच्या फाइलमधे आठ चित्रं हवीत, हिच्या फाइलमधे तीन. बाकीची कुठे आहेत विचारलं तर म्हणे, "दिली, बाई."

"कुणाला दिली?"

"घरी."

घरी मावशी आहे फक्त. मावशी शिवणकाम करते. ती कांद्याच्या चित्रांचं काय करणार, भिंतीला लावणार? मी म्हटलं, पुढचं चित्र माझ्या कपाटात राहील, किल्ली माझ्याकडे. ती "बरं" म्हणाली, पण तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण शिस्त म्हणजे शिस्त.

७ सप्टेंबर, सोमवार

शाळेत तपासणी येणार आहे. शुक्रवारी, १८ तारखेला. अकरावीची वस्तुचित्रं व्हरांड्यात लावायची असं ठरलं. तपासनीस चित्रांपुढून चालत जाणार, त्यांना आवडलं तर मुलांनाही हुरूप येणार, आणि मला बारा मुलं मिळणार. हा माझा हिशोब.

सरांनी मधल्या सुट्टीत विचारलं, "बाई, ती सावकाश काढणारी मुलगी खरंच इतकी चांगली काढते का? की मलाच तसं वाटतं?" मला बरोबर कळलं ते काय चाचपून बघत होते. म्हटलं, "चांगली काढते आणि चित्रकलाच घेणार आहे." ते म्हणाले, "घ्यायलाच पाहिजे." तोंडावर साखर.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

कुठून सुरुवात करू.

बुधवारी अक्कलदाढ सुजली. अठ्ठावन्न पूर्ण व्हायला चार वर्षं राहिली आणि आता अक्कलदाढ. बुधवार, गुरुवार दोन दिवस रजा. अदलाबदल बाजूला ठेवून तेवीसही मुलांनी चित्रं पूर्ण करायचे तेच शेवटचे दोन दिवस होते. दोन्ही वर्ग सरांनी सांभाळले. फोनवर मी त्यांना निक्षून सांगितलं होतं, "मुलांना हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, नुसतं बसायचं." त्यांनी शब्द पाळला. नुसते बसले. आपल्या चिठ्ठ्या काढायच्या हे माणसाच्या डोक्यात आलं नाही, आणि त्या काढणारी मी घरी गाल बांधून पडले होते.

आज सकाळी व्हरांड्यात पोचले तर तेवीस चित्रं लावून झाली होती. तेवीस किटल्या, आणि तेवीसही किटल्यांवर चिठ्ठी. पेल्यावर, कांद्यांवर, फडक्यावर, सगळीकडे लाल अक्षरं.

"हे काय केलंत?"

मग एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगितलंय ना, दिसतं ते काढा." त्याचा चेष्टा करायचा इरादा असता तर कान धरला असता. तो अगदी खरेपणाने बोलत होता. त्यात दाढ दुखत होती.

चित्रं उतरवायला वेळ नव्हता, तपासनीस जिना चढत होते. ते पहिल्या चित्रापुढे थांबले, दुसऱ्यापुढे थांबले, आणि विचारलं, "काय लिहिलंय?" मुलांनी वाचून दाखवलं. एकेक शब्द, खणखणीत. अर्थही सांगितला. ज्यांना महिनाभर फळ्यावरचं पाठ होत नव्हतं ती मागच्या बाकावरची टाळकीसुद्धा. गोगलगायीच्या चित्रापुढे तपासनीस वाकले. तिने चिठ्ठीचा एक कोपरा सुटलेला दाखवला होता, आणि त्या कोपऱ्याची किटलीवर पडलेली बारीक सावलीसुद्धा. सावली बरोबर होती. हे मी कुणाला सांगितलं नाही.

शेरेबुकात त्यांनी लिहिलं, "दोन विषयांचा स्तुत्य समन्वय." समन्वय! महिनाभर मी चिठ्ठ्या उपटतेय आणि त्याला हे समन्वय म्हणतात. मोठ्या बाई खूश. मी विचारलं, मग आता दोन्ही विषय राहतील का? म्हणाल्या, "शेरा वेगळा, वेळापत्रक वेगळं. बारा म्हणजे बारा."

सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चुकलंच माझं, बाई." मी म्हटलं, "अरे, चुकलं तर चुकलं, आता डोकं नको खाऊस." घरी आल्यावर लक्षात आलं की मी त्यांना अरे-तुरे केलं.

२९ सप्टेंबर, मंगळवार

फॉर्म यायला लागलेत. अकरावीची वर्गशिक्षिका मीच, त्यामुळे माझ्याकडे जमा होतात. आजवर चित्रकला नऊ, भाषा दहा. हे कसं? व्हरांड्यात उभं राहून चित्रं कुणाची बघितली लोकांनी?

सर डब्यातलं माझ्यापुढे करून म्हणाले, "घ्या ना." घेतलं नाही. मग घेतलं. एकटाच राहतो, स्वतः करतो म्हणे. तिखटाचा अंदाज नाही. त्याची नोकरी वर्षाच्या कराराची आहे हे बोलता बोलता कळलं. विषय बंद झाला तर सुट्टीनंतर घरी. मी विचारलं, "मग काय करणार?" म्हणाला, "बघू." एवढंच. इतका बडबड्या माणूस, आणि एवढंच.

५ ऑक्टोबर, सोमवार

अकरा आणि अकरा.

एकच फॉर्म राहिला, गोगलगायीचा. मी निर्धास्त होते. आज तिने आणून दिला. नाव, पत्ता, मावशीची सही, सगळं भरलेलं. विषयाची ओळ कोरी.

"हे राहिलं की गं."

"तुम्हीच भरा, बाई."

"मी कशी भरू? तुझा विषय आहे."

"तुम्ही भराल ते बरोबर असेल."

ती गेली. मी फॉर्म पर्समधे घातला. आता अडचण काय आहे? काहीच नाही. तिने सांगितलंय, मी लिहायचं आहे. उद्या लिहीन.

६ ऑक्टोबर, मंगळवार

लिहिलं नाही. परवापर्यंत मुदत आहे.

सुटल्यावर खोलीत छत्री राहिली म्हणून परत गेले, तर पडद्यापलीकडे सर आणि गोगलगाय समोरासमोर बसलेले. तो काहीतरी समजावून सांगतोय, ती मान खाली घालून "नाही" म्हणतेय. असं आहे तर. डबा पुढे करायचा आणि मागच्या दाराने मुलगी फोडायची. मी आत जाऊन म्हटलं, "शाळा सुटली आहे, सर. मुलांना घरी जाऊ द्या." तो उठला. ती दप्तर घेऊन पळाली.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. फॉर्म टेबलावर ठेवला. ह्यांनी चष्मा पुसून तो वाचला.

"मग भरून टाक की. एवढा जीव का खातेस?"

"भरणारच आहे."

"तिला विचारलंस का, तुला काय हवंय?"

"तिनेच माझ्यावर सोपवलंय."

"अगं, दुकानात माणसं येतात, म्हणतात तुम्हीच चांगला नंबर द्या. म्हणून मी माझ्या डोळ्याचा नंबर देत नाही."

मी उठून भांडी घासायला लागले. ह्यांना म्हणी सुचतात तेव्हा माझं डोकं उठतं.

७ ऑक्टोबर, बुधवार

मुदतीचा उद्या शेवटचा दिवस. आज मधल्या सुट्टीत गोगलगायीला खोलीत थांबवलं. फॉर्म पुढे ठेवला.

"सर काल काय सांगत होते? भाषा घे म्हणून?"

ती दचकली. "नाही बाई. ते सांगत होते चित्रकला घे. म्हणाले, असा हात हजारात एखाद्याला असतो, तो वाया घालवू नकोस. बाईंसारख्या शिकवणाऱ्या पुन्हा मिळणार नाहीत."

त्याला माहीत होतं, अकरा आणि अकरा. तरी त्याने हे सांगितलं.

"आणि तू नाही म्हणत होतीस."

मी गप्प बसले, हे मला सहसा जमत नाही. मग तिने सांगितलं. तिची आई तीन वर्षांपूर्वी परदेशी गेली, एका म्हातारीची सेवा करायला. बरोबर धाकटी बहीण नेली, ती दोन वर्षांची होती. आता पाच. तिकडेच बालवाडीत जाते. आई दिवसभर कामावर, त्यामुळे बहीण तीच भाषा बोलते जी तिथे सगळे बोलतात. सरांचीच भाषा. आपली तिला आता येत नाही.

"फोनवर मी बोलते तर ती नुसती बघते, बाई. मग मी चित्रं पाठवायला लागले. किटलीचं, कांद्याचं. तुमच्या फाइलमधली. तिने सगळी लावलीत भिंतीला. चिठ्ठ्यांचं चित्र पाठवायचं होतं, पण ते तुमच्या कपाटात आहे."

"मग चित्रं समजतात ना तिला?"

"हो. माझं तिला कळतं." मग म्हणाली, "पण चित्र बघून ती खूप काही बोलते. हात करून करून बोलते. ते मला कळत नाही. आई कामावर असते, सांगायला कुणी नसतं. मग ती रडते आणि फोन ठेवते."

मला माझाच राग आला. चित्रं कुठे जातात म्हणून महिनाभर हिला छळलं आणि किल्ली लावून बसले. एकदा नीट विचारलं असतं तर.

"मग हे त्याच दिवशी लिहायचं ना. कोरं का ठेवलंस?"

"मी लिहिलं असतं तर तुमचा वर्ग बंद झाला असता. मला तसं लिहवेना." मग घाईघाईने म्हणाली, "तुम्ही चित्रकला लिहा, बाई. मला चालेल. मला आवडतं, खरंच."

आवडतं हे मला सांगायची गरज होती का. मला तिचा हात माहीत आहे. तो वर्षभर माझ्यापुढे राहिला असता तर काय झालं असतं तेही माहीत आहे. आणि ती अकरा मुलं, ज्यांनी आपणहून माझं नाव लिहिलं, त्यांना उद्या पडद्यापलीकडे पाठवायचं. आणि मी, "गप्प बसा". सगळं डोळ्यांसमोर आलं. पण समोर पोर बसली होती, आणि ती जे सांगत होती ते ऐकू न आल्यासारखं करणं मला जमेना. मी तिला जा म्हटलं, पाणी पी, तोंड धू. ती गेल्यावर कपाट उघडून चिठ्ठ्यांचं चित्र काढलं, गुंडाळी करून तिच्या बाकावर ठेवलं.

सर पडदा सारून आले. सगळं ऐकलं असणार, पडदा तो, भिंत थोडीच. म्हणाले, "बाई, तुम्ही चित्रकला लिहा. तिला मी शाळा सुटल्यावर शिकवीन, कुठेही. मला काय, दुसरी नोकरी मिळेल."

मी म्हटलं, "तुला डब्यात तिखट किती घालायचं कळत नाही, तू मला शिकवू नकोस."

तो हसला नाही. मीही नाही.

मोठ्या बाई बाहेर गेल्या होत्या, म्हणून फॉर्म उद्या सकाळी द्यायचा. आता स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. ह्यांना सांगितलं. ह्यांनी काही म्हण ऐकवली नाही, नुसता माझ्यापुढे चहा ठेवला. फॉर्मवर 'परकी भाषा' लिहिलं आहे. पेनाने लिहिलं. पेन्सिलीने लिहिलं असतं तर सकाळी शाळेत पोचेपर्यंत मी ते पुसलं असतं.